ताम्हण : पाण्याकाठचे झाड शाळेच्या अंगणात

महाराष्ट्राचे राज्यपुष्प कोणते, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हमखास येतो आणि ‘ताम्हण’ हे उत्तर मुलांना पाठ असते. पण ‘ते फूल तुम्ही पाहिले आहे का?’ असे विचारले की वर्गात शांतता पसरते. यात मुलांचा दोष नाही. ताम्हण फुलते एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमकी शाळेला सुट्टी असताना. जूनमध्ये शाळा भरते तेव्हा बहर ओसरत आलेला असतो आणि झाडावर हिरवी बोंडे धरू लागलेली असतात. ज्या दिवसांत हे झाड सर्वांत देखणे दिसते त्याच दिवसांत कोवळ्या रोपाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते, आणि पाणी घालणारे हात तेव्हा मामाच्या गावाला गेलेले असतात.

दर जुलैत शाळेच्या आवारात लावलेल्या रोपांची पुढच्या जूनमध्ये काय अवस्था असते, हे शिक्षकांना सांगायला नको. त्याच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप लावण्याची आपल्याकडे जणू प्रथाच पडली आहे. रोप मेले की आपण म्हणतो, ‘निगा राखली गेली नाही.’ पण निगा म्हणजे नक्की काय? खत, पाणी, छाटणी यांचे सगळ्या झाडांना लागू पडेल असे एकच वेळापत्रक नसते. झाड मूळचे कुठले, त्याच्या घरी पाणी केव्हा येते आणि केव्हा आटते, ऊन किती मिळते, यावरून त्याची निगा ठरते. हे नीट कळावे म्हणून ताम्हणाच्या शेजारी आपण एक पार वेगळे झाड ठेवून पाहू.

दोन राज्यांची फुले

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या वसंतातल्या छायाचित्रांत अंगणातले एक ठेंगणे, आडव्या फांद्यांचे, पांढऱ्या किंवा गुलाबी फुलांनी भरलेले झाड पुष्कळदा दिसते. ते डॉगवुड, शास्त्रीय नाव कॉर्नस फ्लोरिडा. व्हर्जिनिया राज्याने ते १९१८ साली आणि उत्तर कॅरोलिनाने १९४१ साली राज्यपुष्प म्हणून स्वीकारले. जपानने १९१२ मध्ये वॉशिंग्टनला चेरीची झाडे भेट दिली होती. त्याची परतफेड म्हणून अमेरिकेने १९१५ मध्ये टोकियोला डॉगवुडच पाठवले.

या झाडाची गंमत अशी की आपण ज्यांना चार पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नसतातच. ती छदे असतात, म्हणजे फुलांच्या बुडाशी असणारी, रंग पालटलेली पाने. खरी फुले मधोमध, हिरवट पिवळ्या बारीक मण्यांसारखी एकत्र दाटलेली असतात. बोगनवेलीत आपण हाच प्रकार रोज पाहतो. कोकणात पावसाळ्यात बांधावर दिसणाऱ्या भूतकेसाची पांढरी ‘पाने’ मात्र छदे नव्हेत. तिथे नारिंगी फुलाच्या निदलांपैकी एक निदल मोठे आणि पांढरे होते. ताम्हणात अशी कोणतीच फसवाफसवी नाही. त्याच्या पाकळ्या खऱ्याच पाकळ्या असतात.

डॉगवुड पेणला लावता येईल काय? नाही. ते हिवाळ्यात गोठणाऱ्या प्रदेशातले झाड आहे. त्याच्या बिया रुजण्यापूर्वी तीन-चार महिने ओल्या गारठ्यात राहाव्या लागतात. कळ्याही थंडीचा मुक्काम झाल्याशिवाय उमलत नाहीत. हा गारठा कोकणात आणायचा कोठून? अर्थात नात्यातच शोधायचे तर डॉगवुडचे एक भावंड आपल्या रानात आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर सुवासिक पांढरी फुले आणणारा अंकोल. पूर्वी त्याला स्वतंत्र कुळात ठेवत. डीएनएच्या अभ्यासानंतर वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला डॉगवुडच्याच कुळात धरू लागले आहेत. अंकोलावर कधीतरी वेगळे लिहायला हवे.

आता दोघांची घरे पाहा. डॉगवुड हे उंच वृक्षांच्या छायेत वाढणारे, ओक-हिकोरीच्या जंगलातले मधल्या थरातले झाड. जमीन भुसभुशीत, पाणी झरून जाणारी. त्याच्या मुळाशी पाणी साचले की ते मरते. ताम्हण हे नदी-ओढ्याकाठचे झाड. त्याला भर ऊन हवे, आणि पावसाळ्यात काही दिवस पायाशी पाणी उभे राहिले तरी ते तक्रार करत नाही. एकाच्या निगेचे पुस्तक उघडून दुसऱ्याला वाढवायला गेलो तर काय होईल? भाषांतरित बागकामाच्या पुस्तकांतून ‘फुलझाडांना अर्धी सावली द्यावी’, ‘बहर संपला की छाटावे’ असे उपदेश आपल्याकडे येतात ते अशा दुसऱ्याच घरांतून आलेले असतात.

पाण्यात उभे राहणे म्हणजे काय

ताम्हणाचे शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओझा. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक मॅग्नस लॅगरस्ट्रोम हे लिनियसला पूर्वेकडच्या वनस्पती मिळवून देत असत. लिनियसने त्यांचे नाव या प्रजातीला देऊन उपकार फेडले. स्पेसिओझा म्हणजे देखणी. आपल्याकडे तामण, बोंडारा, जारूळ अशीही नावे आहेत, पण बोंडारा हे नाव याच गोत्यातल्या पांढऱ्या फुलांच्या दुसऱ्या झाडालाही देतात, म्हणून जरा जपून. मेंदी, डाळिंब आणि रानातली धायटी ही त्याची कुळातली मंडळी. डाळिंबाची कळी उघडून पाहिली तर आत पाकळ्या चुरगळून कोंबलेल्या दिसतात. ताम्हणाच्या सहा पाकळ्याही तशाच चुरगळलेल्या बाहेर येतात आणि शेवटपर्यंत इस्त्री न केलेल्या कापडासारख्या राहतात.

पाणथळ जागी बहुतेक झाडे का मरतात हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. ‘मुळे कुजतात’ हे उत्तर येईल. ते खरे आहे, पण ती नंतरची पायरी. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. एरवी मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. त्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजनची वाट अडते, कारण हवेच्या मानाने पाण्यातून ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. ऑक्सिजन असताना पेशीला ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. नसताना फक्त २. म्हणजे तीसच्या कमाईवर चालणारा संसार एकदम दोनवर येतो. मुळे उपाशी पडतात, त्यांना पाणी आत ओढता येत नाही आणि पाण्यात उभे असलेले झाड कोमेजू लागते! ओढ्याकाठी टिकणाऱ्या झाडांनी यावर तोडगे काढलेले असतात. पाण्याच्या पातळीजवळ नवी मुळे फोडणे, मुळांच्या आत हवेच्या पोकळ नळ्या तयार करणे, हे त्यांतले नेहमीचे.

पाण्याशी असलेली ही ओळख ताम्हणाच्या लाकडातही उतरली आहे. ते पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून होड्या बांधायला पूर्वीपासून वापरतात.

रामवाडीच्या आसपास जागा कोणती निवडावी

पेण शहराला लागून मुंबई-गोवा महामार्गावर असलेल्या रामवाडीचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो, कारण इथून थोड्याच अंतरात तीन तऱ्हेच्या जमिनी भेटतात. पूर्वेला सह्याद्रीच्या उतरणीचा मुरूम आणि खडक. मधे भोगावतीच्या काठची गाळाची जमीन आणि भाताची खाचरे. पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे गेले की खारजमीन. पाऊस सगळीकडे सारखाच, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये.

गाळाची जमीन, ओढ्याचा काठ, विहिरीजवळची किंवा हातपंपाचे सांडपाणी वाहून जाते ती जागा ताम्हणाला सर्वांत चांगली. मुरमाड जागीही ते वाढते, पण तिथे खड्डा मोठा घ्यावा लागतो आणि पहिली दोन-तीन वर्षे कष्ट पडतात. खारजमिनीत मात्र लावू नये. ‘पाण्याकाठचे झाड’ म्हणजे गोड्या पाण्याकाठचे. मातीतल्या पाण्यात मीठ जास्त असले की पाणी समोर असूनही मुळांना ते ओढून घेणे जड जाते. लोणच्याच्या फोडीला पाणी सुटते त्याच नियमाने हे घडते. आवारातली माती खारी आहे का, हे पाहायला उपकरण लागत नाही. एका कुंडीत ती माती आणि दुसरीत नदीकाठची माती घेऊन दोन्हींत वीस-वीस मूग पेरावेत. आठवड्यानंतर किती उगवले आणि किती वाढले ते मोजले की अंदाज येतो.

महामार्गाच्या रुंदीकरणात या पट्ट्यातले कडेचे कितीतरी जुने वृक्ष गेले. नवी लागवड करताना भराव घातलेल्या, रोलर फिरवून घट्ट केलेल्या जागी रोप लावण्याचा मोह होतो, कारण जागा मोकळी असते. अशा जमिनीत पोकळ्याच उरलेल्या नसतात. पावसाळ्यात ती पाणी आत घेत नाही आणि हिवाळ्यात धरून ठेवत नाही. लावायचेच तर आधी चांगले खोलवर खणून माती मोकळी करावी.

जागा निवडताना वरही पाहावे. ताम्हण पुढे दहा-पंधरा मीटर उंच होते. वर विजेच्या तारा असतील तर झाड पंधरा वर्षे दरसाल तोडले जाणार हे आजच ठरते. मोठ्या वडा-आंब्याच्या सावलीत ते जगेल, पण फुलणार नाही. इमारतीपासून पाच-सहा मीटर अंतर असावे.

बी, रोप आणि खड्डा

रोपवाटिकेतून रोप आणण्यापेक्षा बियांपासून वाढवावे असे आमचे मत आहे. एक तर याच प्रजातीतली बागेतली परदेशी झाडेही ‘ताम्हण’ म्हणून विकली जातात. दुसरे म्हणजे बी पेरण्यात जे शिक्षण आहे ते पिशवीतले रोप आणण्यात नाही.

बोंडे हिवाळ्यात पिकून तपकिरी, लाकडासारखी कडक होतात. ती तडकण्याच्या सुमारास काढून उन्हात कागदावर पसरावीत. दोन-तीन दिवसांत पाच-सहा फाकांनी उलतात आणि पातळ पंख असलेल्या बिया बाहेर पडतात. त्यांतल्या काही पंखासह आणि काही पंख कापून शाळेच्या गच्चीवरून सोडाव्यात व जमिनीवर पोचायला लागणारा वेळ मोजावा. ओढ्याकाठच्या झाडाला वाऱ्यावर उडणारे बी कशाला, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकते.

सगळ्या बिया उगवत नाहीत. पुष्कळशा पोकळ असतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये दाट पेराव्यात. गाळाची माती, वाळू आणि चाळलेले शेणखत सारख्या प्रमाणात घेऊन पसरट कुंडीत भरावे, बिया वर विखराव्यात आणि जेमतेम झाकतील एवढीच बारीक माती भुरभुरावी. बी इतके हलके आहे की खोल गेले तर कोंबाला वर यायला शिदोरी पुरत नाही. झारीने हलके पाणी घालून माती ओली ठेवावी. दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसू लागतात. डॉगवुडच्या बीसारखे याला गारठ्याची वाट पाहावी लागत नाही, कोकणातली ऊब आणि ओल पुरते. कोंब मात्र फार नाजूक. पेणचा पहिला धुवांधार पाऊस कुंडी उघड्यावर असेल तर सगळी पेरणी धुऊन नेतो. चार पाने आली की रोपे पिशव्यांत हलवावीत आणि पडवीत किंवा जाळीखाली ठेवावीत.

पहिल्या वर्षी रोप हळू वाढते. ते त्याच जुलैत जमिनीत लावण्याची घाई करू नये. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पिशवीत सांभाळून, गुडघाभर झाल्यावर लावावे. वृक्षारोपणाचा समारंभ एक वर्ष लांबतो हे खरे, पण समारंभ रोपासाठी आहे की रोप समारंभासाठी?

खड्डा मे महिन्यातच, दोन फूट लांब, रुंद आणि खोल खणावा. मुरमाड जमिनीत तीन फूट. वरची माती वेगळी ठेवून तीच शेणखतात मिसळून परत भरावी. पहिले दोन चांगले पाऊस पडून माती खाली बसली की रोप लावावे. पिशवी फाडूनच काढावी. पिशवीत गोल गुंडाळलेली मुळे बोटांनी थोडी सोडवून पसरावीत, नाहीतर ती जमिनीतही गोल फिरत राहतात.

आठ कोरडे महिने

पावसाचे चार महिने सांभाळायला आपली गरज नाही. प्रश्न पुढच्या आठ महिन्यांचा आहे. ओढ्याकाठी झाडाच्या मुळांना उन्हाळ्यातही खालून ओल मिळते. शाळेच्या अंगणात ती नसते. ती आपण पुरवायची, इतका साधा हिशेब आहे. आणि हिशेबच करायचा तर फळ्यावर करावा. ऑक्टोबर ते मे हे सुमारे ३५ आठवडे. एका रोपाला आठवड्याला १५ लिटरची एक बादली धरली तर वर्षाला ५२५ लिटर. शंभर रोपे लावली तर ५२,५०० लिटर. शंभर रोपे लावण्याचा ठराव होण्यापूर्वी हा गुणाकार मुलांकडून करून घ्यावा. मग बहुधा पाच रोपे लावावी असे ठरेल, आणि ती पाच जगतील.

पाणी वाचवण्याची एक जुनी रीत या कामी उत्तम आहे. रोपापासून फूटभर अंतरावर भाजलेल्या मातीचे, झिलई नसलेले मडके तोंडापर्यंत पुरावे आणि पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. मडक्याच्या भिंतीतून पाणी झिरपते. भोवतालची माती कोरडी असेल तर जलद, ओली असेल तर हळू. म्हणजे किती पाणी द्यायचे हे मातीच ठरवते! दर चार-पाच दिवसांनी मडके भरावे लागते. त्यामुळे सुट्टीत गावात राहणाऱ्या दोन-तीन मुलांची पाळी लावली तरी काम भागते. एका रोपाला बादलीने आणि दुसऱ्याला मडक्याने पाणी देऊन कोणाला किती लागले याची नोंद ठेवावी. नववी-दहावीच्या मुलांना हा प्रकल्प पुरेसा आहे.

दुसरा उपाय आच्छादनाचा. बुंध्याभोवती हातभर वर्तुळात चार बोटे जाड पालापाचोळा पसरावा, फक्त खोडाला तो टेकू देऊ नये, कारण तिथे वाळवी लागते. रायगडात यात एक अडचण आहे. हिवाळा संपता संपता भाताच्या राबासाठी पातेरा गोळा केला जातो, झाडांचे टाळ तोडले जातात आणि राब भाजला जातो. शाळेच्या झाडाखालचा पाचोळाही त्यात जातो. शेतकऱ्याला तो लागतो, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पावसाळा संपतानाच गवत कापून ते अंथरले तर राबाच्या दिवसांपर्यंत ते अर्धे मुरलेले असते आणि कोणी नेत नाही.

फेब्रुवारीच्या सुमारास ताम्हणाची पाने तांबूस होऊन गळू लागतात. ‘झाड वाळले’ म्हणून पाणी बंद करणारे महाभाग आम्हाला भेटले आहेत. झाड वाळत नसते, पाने टाकून पाण्याचा खर्च कमी करत असते. गळण्यापूर्वी पानातली उपयोगी द्रव्ये फांदीत परत ओढून घेतली जातात आणि हरितद्रव्य मोडल्यावर तांबडा रंग दिसतो. मार्चअखेर नवी पालवी येते आणि त्याच नव्या फुटव्यांच्या टोकाला कळ्यांचे तुरे धरतात.

या एका वाक्यात छाटणीचे सगळे शास्त्र आहे. डॉगवुडच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन हिवाळाभर फांदीवर झोपलेल्या असतात. म्हणून ते झाड बहर संपल्यावर लगेच छाटतात. आधी छाटले तर कळ्याच जातात. ताम्हणाच्या कळ्या या वर्षीच्या नव्या फुटव्यावर येतात. म्हणून वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायच्या त्या पाने गळालेली असताना, पालवी फुटण्यापूर्वी. तेही माफकच. आपल्याकडे रस्त्याकडेची झाडे छाटली जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात, आणि ताम्हणाचे ऐन फुललेले तुरे ट्रकमध्ये भरून जातात. हेच काम तीन महिने आधी केले तर तारांचेही संरक्षण होईल आणि बहरही राहील.

डॉगवुडकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत या झाडांवर एका बुरशीची साथ आली. दाट सावलीत, ओलसर हवेत उभी असलेली झाडे मोठ्या प्रमाणावर मेली. उन्हात, मोकळ्या हवेत असलेली पुष्कळशी तगली. सावलीत राहणाऱ्या झाडालासुद्धा हवा खेळती लागते. कोकणातल्या पावसाळ्यात तर रोपे एकमेकांना खेटून लावणे टाळलेच पाहिजे.

चांगल्या जागी साधारण चार-पाच वर्षांत पहिला तुरा दिसतो. फुले खालून वर उमलत जातात. ताजे फूल गडद जांभळे, जुने होईल तसे फिके. म्हणून एकाच तुऱ्यात रंगाच्या तीन-चार छटा दिसतात. मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. या फुलात मध नसतो, भुंगे आणि मधमाश्या येतात त्या परागासाठी. सुट्टीत गावातच असणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला एका फुलाला दोरा बांधून रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा रंग आणि येणारे कीटक टिपायला सांगावे. पावसाळ्यात कधी कधी पुन्हा थोडा बहर येतो, तेव्हा ती नोंद सगळ्या वर्गाला पडताळून पाहता येते. तो नाही आला तरी शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात मुलांना झाडाखाली जरूर न्यावे. शेवटच्या तुऱ्यांपैकी एखादा अजून टिकून असतो. दांडीच्या तळाशी हिरवी बोंडे, त्यावर नुकत्याच पाकळ्या गळालेली खरबरीत निदले आणि अगदी शेंड्याला फिकट जांभळी दोन-तीन फुले.